स्क्रीनप्रिंट पोस्टर गोव्याच्या पावसाळ्यात टिकवायचं कसं

'व्हॉट वी डू इन द शॅडोज' (२०१९ ते २०२४, स्टेटन आयलंडवर एका घरात राहणाऱ्या व्हॅम्पायरांची कॉमेडी) ज्यांनी बघितलीय त्यांना उन्हाचं वेगळं सांगायला नको. तिच्यावरनं काढलेल्या लिमिटेड स्क्रीनप्रिंटचंही तसंच, फक्त ते भस्कन जळत नाही, हळूहळू फिकं पडतं. पण आपल्याकडे ऊन परवडलं, ओल नको.

पोस्टरची ट्यूब (पुठ्ठ्याची नळी) आली की लगेच उघडून उलटं गुंडाळत बसू नका. स्क्रीनप्रिंटमध्ये शाई जाळीतून कागदावर उतरवतात, प्रत्येक रंगाची जाळी वेगळी, थरावर थर चढतो, त्यामुळे शाई कागदावर जाडसर बसते आणि घडी पडली की तिथेच तडकते. हात धुवून कोरडे करा, टेबलावर पसरा, वर कोरा कागद आणि कडांना जाड पुस्तकं, दोन-तीन दिवसांत सरळ होतं. काळ्या भागावर बोट लागलं तर ओलं फडकं अजिबात नाही. खाली पेन्सिलीने ४५/१५० असं काही असेल, म्हणजे १५० प्रतींमधली ४५वी, ते आणि भोवतालची पांढरी बॉर्डर तशीच राहायला हवी, फ्रेमवाला "कापून टाकूया, छान दिसेल" म्हणाला तरी.

फ्रेमवाल्याकडे मात्र उभं राहून काम करून घ्या. माझं पहिलं पोस्टर त्याने थेट प्लायवूडला चिकटवलं, वर काच टेकवली, आणि चवथीच्या साफसफाईला भिंतीवरनं काढलं तर मागे बुरशी, पुढे शाई काचेला धरलेली! तेव्हा लॅमिनेशन नाही, फेव्हिकॉल नाही, सेलोटेप नाही. ॲसिड-फ्री (आम्ल नसलेला, कागद पिवळा न पाडणारा) माउंट बोर्ड मागा, पोस्टर वरच्या कडेला फक्त दोन जागी पातळ जपानी कागदाच्या पट्टीने आणि स्टार्चच्या खळीने अडकवायचं, खाली मोकळं, कारण ओलीत कागद फुगतो आणि त्याला जागा लागते. काच आणि कागदात अंतर हवंच, म्हणून पुढे माउंट, म्हणजे मधे खिडकी कापलेली बोर्डाची चौकट. १८ बाय २४ इंचाला चारी बाजूंनी २ इंच धरलं तर फ्रेम २२ बाय २८ ची होते. यूव्ही अडवणारी काच किंवा ॲक्रिलिक महाग पडतं, पण बाल्कांवाकडचं (घरापुढच्या बसायच्या पडवीकडचं) ऊन खोलीत येत असेल तर घ्याच.

पावसाचा मारा बसणाऱ्या चिऱ्याच्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा आणि फ्रेमच्या मागे चारी कोपऱ्यांत बुचाचे तुकडे, हवा खेळायला पाहिजे.

जुलै-ऑगस्टमध्ये पंधरवड्यातनं एकदा मागे बघा. बुरशी दिसली तर पुसायची नाही, पसरते. फ्रेम उघडून पंख्याखाली सावलीत पूर्ण वाळू द्या, मग तोंडाला मास्क लावून मऊ ब्रशने बाहेर झाडा, शाईवर आली असेल तर ब्रशही नको, जाणकाराला दाखवा.

फ्रेम करायची नसेल तर ॲसिड-फ्री कागदांत सपाट, लोखंडी कपाटाच्या वरच्या कप्प्यात, शेजारी सिलिका जेल (ओल शोषणाऱ्या पुड्या). ट्यूबमध्ये परत भरू नका, कसर तिथेच लागते.