फोर्कनंतर सामाईक काय उरते? ऑपरेटिंग सिस्टीम शिकताना झालेली माझी एक चूक

खानापूर तालुक्यातल्या मराठी शाळेतून दहावी करून मी पुढे बेळगावात अभियांत्रिकीला आलो. चालू असलेला प्रोग्राम म्हणजे प्रोसेस; तिने स्वतःचीच दुसरी प्रोसेस काढणे म्हणजे फोर्क, त्यात मूळ ती पॅरेंट आणि नवी ती चाइल्ड. ऑपरेटिंग सिस्टीमच्या पुस्तकात 'पॅरेंट आणि चाइल्ड प्रोसेस काही साधने वाटून घेतात' असे वाक्य होते, आणि 'वाटून घेणे' म्हणजे दोघींनी एकच वस्तू वापरणे, असा सरळ अर्थ मी लावला. तो निम्मा चूक होता, हे प्रयोगशाळेत कळले.

मी एक व्हेरिएबल ५ या किमतीने सुरू केले, फोर्क केला आणि चाइल्डमध्ये त्यात १ मिळवला. चाइल्डने ६ छापले, पॅरेंटने मात्र ५. गोंधळ वाढला तो यामुळे की दोघींनी छापलेला त्या व्हेरिएबलचा पत्ता अगदी एकच होता. तोंडी परीक्षेत नेमके हेच विचारले गेले आणि मी गप्प राहिलो. खरे उत्तर असे की तो पत्ता आभासी, म्हणजे त्या त्या प्रोसेसपुरता असतो. १२ नंबरचे घर गल्लोगल्ली असते, पण नंबर सारखा म्हणून घर एक होत नाही. तसेच दोन प्रोसेसचा एकच आभासी पत्ता प्रत्यक्ष मेमरीत वेगवेगळ्या जागी नेऊ शकतो.

मात्र फोर्क होताच सगळी मेमरी उतरवून काढली जाते, असेही नाही. लिनक्समध्ये सुरुवातीला दोघी प्रत्यक्ष मेमरीतली तीच पाने, म्हणजे ठरावीक आकाराचे तुकडे, वापरतात; त्यांपैकी एकीने लिहायला घेतले की कर्नल (ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा) तेवढ्याच पानाची, म्हणजे बहुधा ४ किलोबाइटची, वेगळी प्रत काढून देतो. आमच्याकडे भावाभावांची वाटणी कागदावर होते, पण बांध घातला जाईपर्यंत रान एकसलगच दिसते, त्यातलाच हा प्रकार. (शेताची दुसरी प्रत निघत नाही, एवढा या उपमेचा दोष आहे.)

आता खरोखर सामाईक काय राहते ते पाहू. फोर्कच्या आधी उघडलेल्या फाइलचा डिस्क्रिप्टर, म्हणजे ती फाइल ओळखण्याचा क्रमांक, चाइल्डला मिळतो, आणि फाइलमध्ये आपण कुठवर आलो याची खूण, म्हणजे ऑफसेट, दोघींची एकच असते. सप्ताहातल्या पारायणात दोन वाचकांनी एकाच पोथीवरून आळीपाळीने वाचावे, तशी एकीने १०० बाइट वाचले की दुसरी १०१व्या बाइटपासून सुरू होते. तीच फाइल फोर्कनंतर दोघींनी स्वतंत्र उघडली, तर प्रत्येकीची खूण वेगळी राहते. लेखी परीक्षेत हा फरक दोन ओळींत सुटून जातो, म्हणून नवख्यांनी तो स्वतः चालवून पाहावा असे माझे मत आहे. मेमरीच सामाईक हवी असेल, तर ती तशी मुद्दाम मागून घ्यावी लागते.

प्रिंटएफ या छापण्याच्या फंक्शनचा बफर, म्हणजे छापायचा मजकूर तात्पुरता साठतो ती जागा, हीसुद्धा मेमरीच असल्यामुळे त्याचीही प्रत चाइल्डकडे जाते, आणि आउटपुट फाइलमध्ये वळवले की फोर्कपूर्वीची ओळ कधी कधी दोनदा उमटते. फोर्कच्या आधी बफर रिकामा केला की हे थांबते.

मला सर्वांत जास्त छळले ते पाइपने, म्हणजे एका टोकाने लिहायचे आणि दुसऱ्याने वाचायचे अशा दोन प्रोसेसमधल्या वाटेने. पॅरेंट लिहिणार आणि चाइल्ड शेवटपर्यंत वाचणार, असा साधा प्रोग्राम होता. सगळा मजकूर पोहोचत होता, पण चाइल्ड थांबतच नव्हती, आणि पॅरेंट वेट करून, म्हणजे चाइल्ड संपण्याची वाट पाहत, तिच्यासाठी अडकून राहिली होती. शेवटची बस चुकेल म्हणून तो प्रोग्राम तसाच सोडून मी घरी गेलो. दुसऱ्या दिवशी कागदावर दोन्ही प्रोसेस काढून प्रत्येकीच्या हातात पाइपची कोणती टोके आहेत ते लिहिले, तेव्हा चूक दिसली. पाइपमध्ये लिहिण्याच्या टोकाच्या सगळ्या प्रती बंद झाल्याशिवाय वाचणाऱ्याला 'संपले' असे कळत नाही. पॅरेंटने आपली प्रत बंद केली होती, पण फोर्कबरोबर आलेली दुसरी प्रत चाइल्डकडेच उघडी होती, आणि चाइल्ड स्वतःच्याच हातातले टोक बंद होण्याची वाट पाहत बसली होती.