रिंगमधला लॅब्राडोर रानात उतरवताना

शो-लाइनचा, म्हणजे प्रदर्शनांसाठी पैदास केलेल्या घराण्यातला, लॅब्राडोर गनडॉग म्हणून (बंदुकीने पाडलेले पक्षी शोधून आणणारा कुत्रा म्हणून) काम करू शकतो का? करतो. पण ‘काम’ म्हणजे नेमकं काय, ते आधी ठरवा. ब्रिटनमधल्या ओपन फील्ड ट्रायलमध्ये (खऱ्या शिकारीतल्या कुत्र्यांच्या स्पर्धेत) कामासाठीच पैदास केलेल्या वर्किंग लाइनच्या कुत्र्यांना मागे टाकायचं स्वप्न असेल, तर शो-लाइनचं पिल्लू घेऊच नका. पैसे जातील, तीन-चार वर्षं जातील आणि कुत्र्यावर विनाकारण राग निघेल. पण शूटच्या दिवशी बंदूकवाल्यांच्या मागे उभं राहून पडलेले पक्षी गोळा करायचे, ज्याला तिकडे पिकिंग-अप म्हणतात, हिवाळ्यात बदकांच्या तळ्याकाठी बसायचं, वर्किंग टेस्टच्या, म्हणजे पक्ष्यांऐवजी कॅनव्हासच्या डमी आणायच्या स्पर्धेच्या, सुरुवातीच्या वर्गांत उतरायचं, एवढं ध्येय असेल तर शो-लाइनचा कुत्रा ते नीट करतो. मनापासून करतो.

पूर्वी ही दोन वेगळी घराणी नव्हती. लॅब्राडोरला केनेल क्लबची मान्यता मिळाली १९०३ साली. काउंटेस लोर्ना होव यांचा बँकरी बोलो हा लॅब्राडोरमधला पहिला ड्युअल चॅम्पियन, म्हणजे रिंगमध्येही (प्रदर्शनात) चॅम्पियन आणि ट्रायलमध्येही. त्यांच्याच ब्रॅमशॉ बॉबने १९३२ आणि १९३३ अशी लागोपाठ दोन वर्षं क्रफ्ट्स या मोठ्या श्वान-प्रदर्शनात सर्वोत्तम कुत्र्याचा मान मिळवला, आणि तोही ड्युअल चॅम्पियन होता. पुढे दोन्हीकडचे लोक आपापल्या बक्षिसांसाठी पैदास करत गेले. रिंगवाल्यांकडे हाड जड आणि छाती रुंद होत गेली, ट्रायलवाल्यांकडे अंग सडपातळ आणि पाय वेगवान. मात्र आजही ब्रिटनमध्ये तीन वेगवेगळ्या परीक्षकांकडून तीन चॅलेंज सर्टिफिकेटं (चॅम्पियनपदासाठी मोजली जाणारी प्रदर्शनातली प्रमाणपत्रं) मिळवलेला लॅब्राडोर नुसता ‘शो चॅम्पियन’ ठरतो. त्यातला ‘शो’ गळून पूर्ण ‘चॅम्पियन’ व्हायचं तर रानातली पात्रता लागते. शो गनडॉग वर्किंग सर्टिफिकेट ही त्यातली शो-मालकाला झेपणारी वाट. तिथे वेग बघत नाहीत. बंदुकीच्या बाराला कुत्रा बुजतो का, झुडपात शिरून शोधतो का, पक्षी न चिरडता उचलून आणतो का, पाण्यात उतरतो का, हे बघतात. नवख्याने आपलं शिक्षण या चार प्रश्नांभोवतीच बांधावं.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचं हे काम उरलेलं नाही. त्यामुळे पुण्या-नाशिकच्या वाचकांना इथला डमीपर्यंतचा भाग कामाचा आहे. पक्ष्यांचा भाग ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आपल्या लोकांसाठी.

पिल्लू निवडताना वंशावळीतली लाल शाईतली नावं मोजत बसू नका, कारण शो-चॅम्पियन लाल आणि ट्रायल-चॅम्पियनही लालच. नावाआधी कोणती अक्षरं आहेत ते वाचा आणि पिल्लाची आई कधी रानात गेली आहे का, ते तोंडावर विचारा. आईने एक हंगाम जरी पक्षी उचलले असतील, तर मला ती गोष्ट आजोबा-पणजोबांच्या ढालींपेक्षा मोठी वाटते. आई-वडिलांचे कमरेच्या सांध्यांचे गुण (दोन्ही बाजू मिळून ० ते १०६, जितके कमी तितके चांगले), कोपराचा दर्जा ०, डोळ्यांची तपासणी आणि ईआयसीची जनुकीय चाचणी, एवढे कागद बघितल्याशिवाय इसार देऊ नका. ईआयसी असलेला कुत्रा घरी ठणठणीत दिसतो आणि जोरात पळाल्यावर मागच्या पायांनी लुळा पडतो.

वजनाबद्दल स्पष्टच बोलतो. रिंगसाठी ‘भरलेला’ कुत्रा रानासाठी लठ्ठ असतो. बरगड्यांवरून तळहात फिरवला की न दाबता प्रत्येक बरगडी मोजता आली पाहिजे. थोराड शो-नराचं यासाठी तीन-चार किलो उतरवावं लागतं, आणि हंगामाच्या आठवडाभर आधी ते होत नाही. दोन-अडीच महिने लागतात. रोज चढावर चाल, आठवड्यातून दोनदा पोहणं, मापाने मोजून खाणं. लॅब्राडोरची भूक सगळ्यांना माहीत आहे; २०१६ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी ती काही कुत्र्यांत पीओएमसी नावाच्या जनुकातल्या दोषाशी जोडून दाखवली, आणि सुमारे पाव लॅब्राडोर तो दोष घेऊन फिरतात. तेव्हा ‘त्याला अजून भूक आहे’ हे कारण चालणार नाही. उन्हाचाही विचार करा. तितराचा हंगाम १ सप्टेंबरला उघडतो, तेव्हा हवा गरम असते आणि जाड कोटाचा कुत्रा चटकन तापतो. जीभ रुंद होऊन टोकाशी चमच्यासारखी वळली की काम थांबवा, सावलीत न्या, पाणी ओता. पुढे जानेवारीत तोच कोट त्याला तारतो. आतली दाट लोकर शाबूत असलेला शो-लॅब बर्फाळ पाण्यातून चौथं बदक आणतो तेव्हा काही सडपातळ वर्किंग कुत्री काठावर कुडकुडत असतात.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं, तो सापळा. शो-लाइनचे कुत्रे रानात अपयशी ठरतात ते रक्तामुळे कमी आणि रिंगच्या एका सवयीमुळे जास्त: मालकाचा हात खिशाकडे गेला की तोंड उघडणे.

रिंगमध्ये काय होतं बघा. हँडलरच्या खिशात उकडलेल्या काळजाचे तुकडे. हात खिशाकडे सरकला की कुत्रा कान ताठ करून, मान उचलून पुतळ्यासारखा उभा. परीक्षकाला तेच हवं असतं. आता तोच कुत्रा डमी तोंडात धरून तुमच्याकडे येतोय. चार पावलं उरली, तुम्ही कौतुकाने वाकलात, हात कमरेपाशी गेला. कुत्र्याला खाऊ दिसला. खाऊ खायला तोंड रिकामं लागतं. डमी गवतात पडली. तुम्ही ती उचललीत, ‘शाब्बास’ म्हणालात, तुकडाही दिलात. कॅनव्हासची डमी कुठे पळून जात नाही, म्हणून हे महिनोन्महिने लक्षातच येत नाही. कुत्रा मात्र पक्कं शिकत असतो की बक्षीस आणल्याबद्दल नाही, टाकल्याबद्दल मिळतं.

याची किंमत कळते ती पहिल्या जखमी फेझंटवर (लांब शेपटीचा, कोंबड्यासारखा शिकारीचा पक्षी). पंख मोडलेला पण पाय धड असलेला दीड किलोचा फेझंटचा नर तुमचा कुत्रा दीडशे मीटरवरून धरून आणतो, तुमच्यापासून तीन पावलांवर सोडतो, आणि पक्षी पळत काटेरी झुडपात. जखमी जीव रानात तसाच तडफडत राहतो. पिकिंग-अपचं काम असतंच ते टाळण्यासाठी, म्हणून हा दोष क्षुल्लक नाही. बदकाच्या बाबतीत आणखी वाईट. पाण्यातून बाहेर आलेला कुत्रा अंग झाडायला तोंडातलं खाली ठेवतो आणि बदक पुन्हा पाण्यात बुडी मारतं.

‘डमीच्या बदल्यात खाऊ द्या’ हा सल्ला सर्रास ऐकू येतो. डमी घेऊन पळून जाणाऱ्या कुत्र्याला तो लागू पडतो. खाऊवर वाढलेल्या रिंगच्या कुत्र्याला तोच सल्ला बिघडवतो. औषध एक, दुखणी दोन.

दुरुस्ती अशी. चार आठवडे डमीच्या आसपास खाऊ बंद. पिशवी घरी ठेवा आणि जाकीटही बदला, कारण काळजाचा वास कापडात राहतो. रिंगचा सराव वेगळ्या दिवशी, वेगळ्या कपड्यांत, बारीक शो-पट्ट्यावर; रानाचा सराव दोरीच्या स्लिप-लीडवर. कुत्र्यांना हा फरक आठवड्याभरात कळतो.

मग घरात, भिंतीला पाठ लावून कुत्र्याला बसवा. पाव किलोची छोटी डमी हळूच तोंडात द्या आणि हनुवटीखाली तळहात ठेवा. दोन सेकंद. ‘डेड’ म्हणा आणि घ्या. (शब्द कुठलाही चालेल, रोज तोच हवा.) दहा-बारा दिवसांत वीस सेकंदांपर्यंत जा. रोज पाच वेळा, जास्त नाही. कान पिळून तोंड उघडायला लावणारे उस्ताद भेटतील. त्यांच्यापासून दूर राहा. धरून बसणं जमलं की डमी तोंडात असताना तीन पावलं चालवा, मग दहा, मग जिन्यावरून.

बाहेर गेल्यावर डमी लगेच घेऊ नका. इथे नव्वद टक्के लोक चुकतात. कुत्रा आला की त्याला ती मिरवू द्या. छाती खाजवा, गालाखाली हात फिरवा, दहा-पंधरा सेकंद जाऊ द्या. डोक्यावर थोपटू नका, त्याने मान खाली जाते आणि पकड सुटते. तो पाच पावलांवर आला की तुम्ही दोन पावलं मागे सरका आणि चालता चालता, दोन्ही हात हनुवटीच्या खालून नेऊन घ्या. समोर येऊन बसण्याचा आग्रह सुरुवातीला सोडा; बसताना तोंड सुटणारे कुत्रे पुष्कळ असतात. डमी पडलीच तर वाकून उचलू नका. ओरडूही नका. मागे सरका, शांतपणे पुन्हा उचलायला सांगा. उचलली नाही तर त्या दिवशी बंद, दुसऱ्या दिवशी परत भिंतीपाशी.

पाण्यावर तुम्हीच बूट घालून काठच्या पाण्यात उभे राहा आणि अंग झाडण्याआधी डमी घ्या. दर आठवड्याला अर्धं पाऊल मागे. तीन वेगळ्या जागी मिळून लागोपाठ वीस वेळा डमी हातात आली, तर हा भाग झाला. एकोणीस वेळा आली तर झालेला नाही. साधारण सहा आठवडे लागतात. चार वर्षं रिंगमध्ये काढलेला कुत्राही हे शिकतो, तेव्हा उशीर झाला असं मनात आणू नका.

हाक, पायाशी चालणं, शिट्टीवर बसणं यांना खाऊ जरूर द्या, फक्त तेव्हा डमी आसपास नको.

बसण्यावरून आठवलं. रिंगवाले पिल्लाला ‘बस’ शिकवायला घाबरतात, कारण परीक्षकासमोर बसला तर पंचाईत. पण रानात थांबण्याची लांब शिट्टी म्हणजेच बसणं, आणि त्यावाचून कुत्रा दूरवर हाताळताच येत नाही. शिकवा. पट्टा वेगळा असला की गोंधळ होत नाही. शिट्टी दोनशे साडेदहा नंबरची घ्या, म्हणजे २१०½. हरवली तरी त्याच सुराची दुसरी मिळते. एक लांब फुंकर थांबायची, तुटक छोट्या फुंकरा परत यायच्या.

रिंगचा कुत्रा सतत तुमच्या तोंडाकडे बघतो, त्यामुळे पक्षी कुठे पडला हेच त्याला दिसत नाही. डमी स्वतः फेकणं थांबवा. चाळीस मीटरवर मदतनीस उभा करा, त्याने आवाज देऊन उंच फेकायची, आणि तुम्ही गप्प राहून तिकडे बघायचं. एका सत्रात तीन, फार तर चार. उत्साह वाढावा म्हणून पंधरा-पंधरा वेळा फेकणाऱ्यांचा कुत्रा पाचव्या खेपेला गवत हुंगत निघून जातो आणि मालक म्हणतो, याच्यात दमच नाही. कंटाळा आणला तुम्ही. शो-लाइन उशिरा पिकते. वर्किंग लाइनच्या शेजाऱ्याचं सात महिन्यांचं पिल्लू बघून घाई करू नका. नेटाचं शिक्षण वर्षाच्या आसपास सुरू करा, पहिला शूट दोन वर्षांनंतर. ‘बारा आठवड्यांत तयार कुत्रा’ देणाऱ्या निवासी शिक्षणावर माझा विश्वास नाही. कुत्रा शिकून येतो, मालक कोराच राहतो. त्यापेक्षा वीस हंगाम पिकिंग-अप केलेला एखादा म्हातारा गाठा आणि कुत्रा घरी ठेवून दोन शनिवार त्याच्या मागे नुसते चाला.

बंदुकीच्या बाराची ओळख दुरून. दीडशे मीटरवर एक बार, त्याच वेळी हवेत डमी, एवढंच. तीन-चार आठवड्यांत हळूहळू जवळ. क्ले शूटिंगच्या (हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्यांवर नेमबाजीच्या) मैदानावर पहिल्याच दिवशी नेलेला कुत्रा बिथरला तर महिने जातात, आणि काही कधीच सावरत नाहीत.

पहिला पक्षी थंड, अख्खा, रक्त न लागलेला. फेझंटची मादी किंवा तितर, पंख रबराने बांधून. कबुतर नको, त्याची पिसं सुटून तोंडाला चिकटतात आणि कुत्रा उचलायचंच टाळतो. कबुतरच असेल तर त्यावर नायलॉनचा मोजा चढवा. कुत्रा हुंगून थबकला तर धाक नको, पक्षी ओढत दोन पावलं पळा. मऊ तोंड, म्हणजे पक्षी न चिरडता धरणं, हे शो-लाइनचं बलस्थान आहे, तरी प्रत्येक पक्ष्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या चिरडल्या नाहीत ना हे बोटांनी चाचपायची सवय पहिल्यापासून लावून घ्या.

पहिल्या शूटला दोनच ड्राइव्ह (हाकारे पक्षी उठवून बंदुकांकडे पाठवतात ती एक फेरी). हाकारे पुढून येत असताना कुत्रा पट्ट्यात बसवून नुसतं बघू द्या. ड्राइव्ह संपल्याचा भोंगा झाला की उघड्यावर मरून पडलेली एक मादी उचलायला पाठवा. पळता जखमी पक्षी समोर दिसला तरी तो दुसऱ्याच्या अनुभवी कुत्र्यासाठी सोडा, निदान तुमच्या कुत्र्याने दहा-बारा मेलेले पक्षी हातात आणून देईपर्यंत. आणि गरम, म्हणजे नुकत्याच पडलेल्या, पक्ष्यावर तोंड सुटायला लागलं, तर त्या आठवड्यात रान बंद आणि परत भिंतीपाशी, पाव किलोची डमी घेऊन.