पिसं झडताना बटेरांचं प्रोटीन वाढवताय? या चुका टाळा

ऑक्टोबरची उन्हं ओसरू लागली की नागपुरात घरोघरच्या बटेरांच्या पिंजऱ्यांत पिसांचा सडा पडतो. अंडी कमी होतात, कधी पार थांबतात. दिवस लहान होऊ लागल्याची ही खूण आहे, आजार नव्हे. पिसाचा ८५ ते ९० टक्के भाग प्रोटीनच असतो, त्यामुळे नवी पिसं घडवताना पक्ष्याला ते जास्त लागतं. इथवर सगळ्यांचं बरोबर असतं. गडबड होते ती पुढे, भांड्यात काय पडतं तिथे.

कणी मिसळणं

सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. स्टार्टर (पिलांसाठीचं तयार खाद्य) महाग आणि तांदळाची कणी घरात असतेच, म्हणून दोन्ही निम्मं-निम्मं करतात आणि वर उकडलेलं अंडं कुस्करून घालतात. हिशेब मांडून बघा. मोठं बटेर दिवसाला साधारण २५ ग्रॅम खातं. स्टार्टरमध्ये २४ टक्के प्रोटीन धरलं आणि कणीत ८, तर मिश्रण १६ टक्क्यांवर येतं. म्हणजे एका पक्ष्याचं रोजचं २ ग्रॅम प्रोटीन कणीने घालवलं. अंड्याच्या अडीच ग्रॅम चुऱ्यातून त्याला परत मिळालं जेमतेम ०.३ ग्रॅम.

म्हणून आधी मूळ खाद्य सुधारा. पिसं झडण्याच्या काळात २२ ते २४ टक्के प्रोटीनचं खाद्य निर्भेळ द्या. आकडा पोत्यावर छापलेला असतो, तो वाचूनच घ्या. पक्ष्यांना नव्या खाद्यावर आठवडाभरात हळूहळू आणा. कणी, बाजरी, ज्वारी चिमूटभरच.

अंड्यांवरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्यही इथे उपयोगाचं नाही. त्यात प्रोटीन १६ ते १८ टक्के आणि कॅल्शियम मात्र भरपूर. अंडी बंद असलेल्या पक्ष्याच्या मूत्रपिंडावर त्या कॅल्शियमचा ताण येतो. कॅल्शियमसाठी शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्याला हवा तो खाईल.

घरचं सोयाबीन आणि ढेप

नेमकं याच दिवसांत गावाकडून नवं सोयाबीन येतं. प्रोटीन भरपूर, म्हणून ते भरडून तसंच टाकलं जातं. कृपा करून असं करू नका. कच्च्या सोयाबीनमधला एक घटक प्रोटीन पचवणाऱ्या रसालाच अडवतो. पक्षी पोटभर खाऊनही उपाशी राहतो. नीट शिजवल्याशिवाय ते देऊ नका.

सरकीची ढेप गाई-म्हशी पचवतात, पण तिच्यातलं गॉसिपॉल हे विषारी द्रव्य पक्ष्यांना बाधतं. जवसाच्या ढेपेपासूनही दूरच राहा. शेंगदाण्याची ढेप पावसाळाभर ओलीत पडून असेल तर तिच्यात बुरशीचं विष असू शकतं, वास आला नाही तरी. आणि सुकट? तिच्यातलं मीठ एवढ्याशा जिवाला झेपत नाही.

नुसत्या डाळींवरही भागत नाही. पिसाला गंधकयुक्त अमिनो आम्लं लागतात, त्यातलं मेथिओनिन डाळीत कमी असतं. ते अंड्यात आणि किड्यांत चांगलं मिळतं, थोडं तिळातही. वाळवलेले मीलवर्म (एका किड्याच्या अळ्या) चालतात, पण त्यांत चरबी बरीच असते. पक्ष्यामागे दोन-तीन पुरेत.

वरचा खुराक एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्श्यात ठेवा. कोंबडीचं एक उकडलेलं अंडं वीसेक बटेरांना पुरतं. सकाळी द्या आणि तास-दीड तासात उरलेलं उचला, आपल्याकडच्या उन्हात ते लवकर नासतं. जास्त प्रोटीन म्हणजे जास्त पाणी, हे विसरू नका. विष्ठा पातळ झाली, पिंजऱ्यातून डोळे चुरचुरणारा वास येऊ लागला, तर मात्रा ओलांडली आहे.

खुराक देऊनही पिसं येत नाहीत?

पक्षी हलक्या हाताने धरून कातडी बघा. कोवळ्या पिसांच्या सुया दिसल्या तर सगळं ठीक चाललं आहे. त्यांत रक्त खेळत असतं आणि त्या दुखतात, म्हणून फार हाताळू नका. सुया नाहीत, पिसं मधोमध तुटलेली, पाठ किंवा मान रक्ताळलेली, तर ती टोचाटोची आहे. गर्दी कमी करा, त्रास देणारा नर वेगळा काढा. पिसांच्या मुळाशी उवा किंवा बारीक कीड दिसली, तर खुराकाने काहीच होणार नाही. अशा वेळी सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यक महाविद्यालयात दाखवा, मनाने औषध फवारू नका.

अंडी चालू राहावीत म्हणून रात्री दिवा लावून ठेवणंही या काळात थांबवा. दिलेलं प्रोटीन अंड्यांकडे वळतं आणि पक्षी उघडाच राहतो. डिसेंबरात नागपूरची रात्र कधीकधी दहा अंशांच्या खाली जाते, तेव्हा अर्धवट पिसांच्या पक्ष्यांसाठी पिंजऱ्याला तीन बाजूंनी बारदान लावा.

अंग पुरतं झाकलं गेलं की जादा खुराक आठवडाभरात कमी करत बंद करा आणि मगच दिवा पुन्हा लावा.