कळप पाहायला निघण्याआधी

राखीव निसर्गक्षेत्रात गुरं सोडलेली असतात ती गवत आणि झुडपं आटोक्यात राहावीत म्हणून. पाहणीला जाणाऱ्या स्वयंसेवकाला जनावरांच्या डॉक्टरकीचं ज्ञान असायलाच हवं असं नाही. रोजचा कळप कसा दिसतो हे डोळ्यांत पक्कं बसलेलं असलं, की बिघडलेलं जनावर लगेच ओळखू येतं. म्हणून निघण्याआधी आधीची नोंद नीट वाचा: डोकी किती, शेवटची कुठे दिसली, कोण लंगडत होतं, कोण गाभण आहे. मालकाचा आणि पशुवैद्याचा नंबर फोनमध्ये ठेवाच, शिवाय कागदावरही लिहून घ्या. कानातला बिल्ला लांबून वाचायला दुर्बीण हवी. विजेचं कुंपण असेल तर टेस्टर, पायात उंच बूट, प्यायला पाणी. कुत्रा घरीच राहू द्या, वासरं असतील तर नक्कीच. कुठल्या वाटेनं जाणार, कधी परतणार हे कुणाला तरी सांगून निघा.

पोचल्यावर आधी मोजणी, आणि तीही दोनदा. एखादं डोकं कमी भरलं तर झुडपांची आडोशाची जागा, ओढ्याचा काठ आणि कुंपणाची कडा पालथी घाला. कळपापासून फटकून राहिलेली गाय एक तर विण्याच्या बेतात असते, नाही तर आजारी.

मग जवळ न जाता थोडा वेळ नुसतं बघा. याची घाई करूच नये. निवांत बसलेली गाय रवंथ करते, कान हलवते, उठताना आधी मागचे पाय उचलते. पाठीला बाक काढून आखूड पावलं टाकणारीचे खूर दुखत असतात. डावी कूस ढोलासारखी फुगलेली दिसली तर ती पोटफुगी. तिथे तासभरही थांबू नये, लगेच फोन करावा. तोंडातून लाळ गळते आहे, खुरांच्या बेचक्यात फोड आहेत, अशी शंका आली तर हात लावू नका. मालकाला कळवा आणि बूट धुतल्याशिवाय दुसऱ्या कळपाकडे जाऊ नका. पुढे सरकायचंच झालं तर खांद्याच्या बाजूनं, बोलत बोलत. थेट मागे गाईला दिसत नाही. गाय आणि वासरू यांच्या मध्ये कधीही उभं राहू नका.

पाण्याचं टाकं रिकामं तर नाही, हे स्वतः पाहा. कडक उन्हात मोठं जनावर दिवसाला पन्नास लिटरच्या वर पाणी पितं, म्हणून बंद पडलेला वॉल्व उद्यावर टाकण्याची गोष्ट नव्हे.

शेणही बघा. पातळ पाण्यासारखं असेल तर नोंद करा. शेणाचा चांगला पो (पडलेला गोळा) काडीनं उलटला की शेणकिडे आणि त्यांची बिळं दिसतात. त्यांच्यावर कितीतरी पक्षी आणि वटवाघळं जगतात. जंताच्या काही औषधांचा अंश शेणात उतरतो आणि या किड्यांच्या अळ्या मारतो. त्यामुळे कोणत्या जनावराला कधी, कोणतं औषध दिलं हे वहीत असलंच पाहिजे.

नोंद तिथेच उभ्यानं लिहा, वेळ आणि जागेसकट. सगळं ठीक असलं तरी ‘ठीक’ असं लिहा.