पोरांचं सगळं एकट्या आईच्या डोक्यात कशाला, फोनला कामाला लावा

लेकराचा ताप, शाळेची फी, डबा, गृहपाठ, लसीची तारीख, गॅदरिंगचा ड्रेस, हे सगळं घरात एकाच माणसाच्या डोक्यात असतं आणि ते माणूस म्हणजे बहुतेक आईच. आपल्या खान्देशात तर अजून एक भर, कितीतरी घरातले वडील सुरतला कामाला, आई पोरांना घेऊन अमळनेर नाहीतर नंदुरबारला, सासू-सासरे गावी शेतात, आणि कापूस वेचणी सुरू झाली की कोण कधी घरी असेल काही सांगता येत नाही. म्हणून माझं म्हणणं एवढंच, ॲप पोराला गप्प बसवायला नका वापरू, डोक्यातलं ओझं घरातल्या सगळ्यांमध्ये वाटून टाकायला वापरा. त्यासाठी ढीगभर ॲप लागत पण नाहीत, बहुतेक सगळं तुमच्या फोनमध्ये आधीपासून पडलेलं आहे.

पहिलं काम कॅलेंडर. गुगलचा फॅमिली ग्रुप बनवला (आपल्याला धरून सहा जण बसतात) की फॅमिली नावाचं कॅलेंडर आपोआप येतं, त्यात टाकलेलं सगळ्यांच्या फोनवर दिसतं. पालक सभा, फीची शेवटची तारीख, डॉक्टरांची पुढची भेट, सगळं तिथेच. रिमाइंडर दोन लावा, एक आदल्या दिवशी संध्याकाळी आणि एक तासभर आधी, कारण चार्ट पेपर आणायचाय हे सकाळी सातला कळून उपयोग काय, दुकानंच उघडलेली नसतात. आमचे हे सुरतला असतात, पण पोरीच्या शाळेत परवा काय आहे ते त्यांना मी सांगायच्या आधी माहीत असतं आणि तेच मला फोन करून आठवण देतात, हा केवढा मोठा आधार आहे ते एकटीने घर चालवणारीला विचारा.

आता औषधाचं, हे जरा नीट वाचा. तापाचं पॅरासिटामॉल सिरप घरोघरी असतं, पण बाटली-बाटलीत फरक असतो, एकात ५ एमएलमध्ये १२० मिलिग्रॅम औषध असतं तर दुसऱ्यात तेवढ्याच ५ एमएलमध्ये २५० मिलिग्रॅम, म्हणजे दुपटीपेक्षा जास्त. मागच्या वेळी एक झाकण दिलं होतं म्हणून याही वेळी एक झाकण, असं चालत नाही. डोस पोराच्या वजनावर ठरतो, तो डॉक्टरांनीच सांगायचा. आपण करायचं काय तर दवाखान्यातून बाहेर पडल्या पडल्या चिठ्ठीचा फोटो काढायचा, मेडिकलमधून बाटली घेतली की लेबलचा जवळून फोटो, तो आकडा वाचता आला पाहिजे असा, आणि दोन्ही फोटो घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचे. ग्रुपमध्ये फक्त पोराला सांभाळणारी माणसं ठेवा, मावस-चुलत सगळं खानदान नको. मग ज्याने औषध दिलं त्याने लगेच तिथे टाकायचं, "९:१० ला ५ एमएल दिलं". लिहिता येत नसेल तर व्हॉइस मेसेज. सासूबाई आधी घरात येऊन विचारायच्या, "पोरले दवाई दिन्ही का?" आता त्या ग्रुपवर ऐकून घेतात आणि स्वतः दिलं की माइकचं बटण दाबून सांगतात. एकच डोस दोघांनी दोनदा द्यायची भीतीच राहत नाही. पुढच्या डोसचा अलार्म घड्याळाच्या ॲपमध्ये लावताना त्याला नाव द्या, नुसता वाजला तर झोपेत कळत नाही कशाचा आहे.

शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे दिवसभर गुड मॉर्निंग आणि थँक्यू मॅडम, आणि त्याच्याच मधे कुठेतरी "उद्या अर्धा दिवस शाळा". ग्रुप म्यूट करा पण संध्याकाळी एक वेळ ठरवून वाचा, कामाचा मेसेज दिसला की दाबून धरून स्टार करा, मग सगळे स्टार केलेले एका जागी सापडतात. शाळेच्या ग्रुपची ॲडमिन मॅडम असेल तर त्यांना सांगा महत्त्वाचा मेसेज पिन करायला, २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस वर राहतो. रिक्षावाल्या काकांना सुट्टीच्या वेळी एक तासाचं लाइव्ह लोकेशन पाठवायला सांगा, त्यांनाही बरं पडतं, दर पाच मिनिटाला कुठे पोचले म्हणून आयांचे फोन येत नाहीत.

कागदपत्रं. जन्मदाखला, आधार, जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, लसीकरणाचं कार्ड, हे सगळं गुगल ड्राइव्हच्या स्कॅनने काढून पोराच्या नावाच्या फोल्डरमध्ये ठेवा, आरटीईचा (खाजगी शाळेतल्या मोफत प्रवेशाचा) फॉर्म निघाला की ऐनवेळी धावपळ होते ना ती वाचते. देशातलं पहिलं आधार २०१० साली आपल्याच नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं, तरी पोरांच्या आधारचं एक काम आपल्याकडे हमखास राहून जातं. ५ वर्षांच्या आतलं बाल आधार बोटांच्या ठशांशिवाय निघतं, म्हणून पोर ५ वर्षांचं झालं की ठसे आणि डोळे द्यावे लागतात आणि १५ व्या वर्षी परत. हे दोन्ही वाढदिवस आत्ताच कॅलेंडरमध्ये टाका. लसीचं पण तसंच, जन्मानंतर ६, १०, १४ आठवडे, मग ९ महिने पूर्ण झाल्यावर, मग १६ ते २४ महिन्यांत, मग ५-६ वर्षाला बूस्टर. सुरुवातीच्या लसी कोणी चुकवत नाही, ५ वर्षांच्या आसपासचीच विसरतात कारण तोवर लसीचं कार्ड कपाटात तळाला गेलेलं असतं. लसीकरणाची नोंद ठेवणारं सरकारचं यू-विन आहे, त्यावर नोंद असली की मोबाइलवर मेसेज येतो, फक्त आशाताईंकडे दिलेला नंबर चालू आहे ना ते बघा, सिम बदललं असेल तर जाऊन सांगा. अंगणवाडीत जात असेल तर ताईंच्या फोनमध्ये पोषण ट्रॅकर असतं, पोराचं वजन-उंची त्यात भरतात, ताईंना म्हणा मला दाखवा, त्या दाखवतात.

अभ्यासासाठी पैसे भरून ॲप घ्यायच्या आधी बालभारतीच्या पुस्तकाचं पहिलं पान बघा. त्यावर क्यूआर कोड असतो, दीक्षा ॲपने तो स्कॅन केला की त्या पुस्तकाचं साहित्य उघडतं, फुकट. वाचनाला स्टोरीवीव्हरच्या वेबसाइटवर मराठी गोष्टी भरपूर आहेत, त्याही फुकट, डाउनलोड करून ठेवल्या की लाइट आणि नेट गेलं तरी वाचता येतात. पोर बाजूला घेऊन तुम्हीच वाचा, नाहीतर आजोबांना वाचायला द्या, अक्षर मोठं करता येतं. टायपिंग अवघड वाटणाऱ्या आजी-आजोबांना जीबोर्डचं (गुगलच्या कीबोर्डचं) मराठी व्हॉइस टायपिंग चालू करून द्या, ते बोलतात आणि फोन लिहितो.

आता पोराच्या हातात फोन. बहुतेक घरात पोराचा वेगळा फोन नसतो, आपलाच असतो आणि त्याच्यातच यूपीआय, बँक, सगळे फोटो. म्हणून सेटिंगच्या सिक्युरिटीमध्ये ॲप पिनिंग (काही फोनमध्ये स्क्रीन पिनिंग) चालू करा, सोबत बाहेर पडताना पिन मागायचा पर्याय पण, मग जे ॲप द्यायचं ते अलीकडे उघडलेल्या ॲपच्या यादीतून पिन केलं की पोर त्या एकाच ॲपमध्ये राहतं. यूपीआय ॲपला वेगळं लॉक लावा, पिन टाकताना पोर खांद्यावरून बघत असतं हे लक्षात असू द्या. साधं यूट्यूब देण्यापेक्षा यूट्यूब किड्स द्या, त्यात सर्च बंद करता येतो, आपण निवडलेलेच चॅनल दिसतील असं पण करता येतं आणि टायमर लावला की वेळ संपल्यावर ते स्वतःच बंद होतं, म्हणजे फोन हिसकावायची वेळ येत नाही. पोर मोठं असेल, त्याला वेगळा फोन दिला असेल तर गुगलचं फॅमिली लिंक ॲप टाका, कुठलं ॲप घ्यायचं ते तुम्ही ठरवता, रात्रीची वेळ पण लावता येते. पण लपून नाही लावायचं, समोर बसवून सांगायचं. किती वेळ म्हणाल तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलंय, २ वर्षांच्या आतल्या बाळाला स्क्रीन नकोच आणि २ ते ४ वर्षाच्या पोराला दिवसाला एक तासाच्या वर नको, कमी असेल तेवढं चांगलं. जेवताना घास भरवायला फोन लावणं हे मला तर अजिबात पटत नाही, त्यापेक्षा थोडं कमी जेवलं तरी चालेल. सुरतला पप्पांशी व्हिडिओ कॉल मात्र मी त्या तासात धरत नाही.

एप्रिल-मे मध्ये जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा हवामान खात्याचं मौसम ॲप बघून दुपारचं बाहेर जाणं ठरवा. पावसाळ्यात दामिनी ॲप टाकून ठेवा, पुण्याच्या आयआयटीएम या संस्थेचं आहे, आपल्या आजूबाजूला वीज पडायची शक्यता असेल तर कळवतं, शेतात पोरांना नेत असाल तर हे लागतंच. आणि धडगाव-अक्कलकुव्याकडे असाल, किंवा कुठेही रेंज जात असेल तर फोनवर सगळं सोडू नका, पोराचा रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, १०८ आणि चाइल्ड हेल्पलाइनचा १०९८ एका जाड कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दाराच्या मागे चिकटवा, पोराच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर.