गाडी सुरू करण्याआधी फोनचं काय करायचं

ताशी ८० किलोमीटरने जाणारी गाडी एका सेकंदात २२ मीटर पुढे जाते. अमेरिकेतल्या व्हर्जिनिया टेकने २००९ मध्ये मांडलेल्या अभ्यासात, मेसेज करणाऱ्या ट्रकचालकांची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती. म्हणजे ८० च्या वेगाला शंभर मीटरहून जास्त अंतर, क्रिकेटच्या पाच खेळपट्ट्या एकापुढे एक, डोळे मिटून कापल्यासारखं. समृद्धीवर १२० ने चाललेली गाडी तेवढ्याच वेळात दीडशे मीटर पार करते. तिथे रस्ता इतका सरळ आणि कंटाळवाणा आहे की हात फोनकडे आपसूक जातो.

‘मी बघणार नाही’ असं ठरवून निघणं फारसं कामाला येत नाही. फोन वाजला की मान वळतेच. त्यामुळे जे करायचं ते गाडी उभी असताना, गिअर टाकण्याआधी उरकायचं. दोन-तीन मिनिटांचं काम आहे.

ब्लूटूथ आहे म्हणून निर्धास्त राहू नका

हात मोकळे असले तरी डोकं मोकळं नसतं. बोलताना आपण समोरच्याचा चेहरा, घरातला हिशेब, साहेबांचा मूड असलं काहीबाही डोळ्यांपुढे आणत असतो आणि समोरचा ब्रेक लाइट दिसूनही जाणवत नाही. युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये गाड्यांमधल्या आवाजी आज्ञा तपासल्या, तेव्हा काही प्रणालींमध्ये आज्ञा देऊन झाल्यावरही लक्ष पूर्ण परतायला २७ सेकंदांपर्यंत लागत होते. सिग्नलला उभं राहून मेसेज वाचणाऱ्याचं नेमकं असंच होतं. हिरवा दिवा लागतो, मागचे हॉर्न मारतात, गाडी हलते, पण मन अजून मेसेजमध्येच असतं. म्हणून लाल सिग्नल हा फोनचा वेळ धरू नये.

ब्लूटूथवर ‘वीस मिनिटांत पोचतो’ एवढं सांगून ठेवणं चालेल. भांडण, सौदा, पगाराची बोलणी, दवाखान्याचा निरोप असं काही असेल तर गाडी थांबवूनच.

कायद्याचं थोडक्यात: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये, गाडी चालवताना हातात धरून फोन वापरणं हे धोकादायक वाहन चालवण्यात मोडतं. १ ऑक्टोबर २०२० पासून केंद्रीय नियमांनी फक्त रस्ता बघण्यापुरती सूट दिली, तीही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने. ‘मॅप बघत होतो’ हे उत्तर त्यामुळे अर्धवटच पडतं.

फोन गप्प कसा करायचा

आयफोनमध्ये सेटिंग्जमध्ये जाऊन ‘फोकस’ आणि त्यात ‘ड्रायव्हिंग’ उघडा. गाडीच्या ब्लूटूथला फोन जोडला गेला की हा मोड आपोआप सुरू होईल असा पर्याय तिथे आहे, तोच निवडा. ‘आपोआप ओळखेल’ वाला पर्याय हालचालीवरून अंदाज बांधतो, त्यामुळे बसमध्ये किंवा लोकलमध्ये बसल्यावरही तो फोन गप्प करू शकतो. खाली स्वयंउत्तराची जागा आहे. ‘गाडी चालवतोय, थांबल्यावर फोन करतो’ एवढं मराठीत लिहून ठेवा.

सॅमसंगमध्ये हेच ‘मोड्स अँड रुटीन्स’ मध्ये ‘ड्रायव्हिंग’ नावाने सापडतं. बाकीच्या अँड्रॉइड फोनांत नावं कंपनीगणिक बदलतात. शोधत बसण्यापेक्षा सरळ ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावावं. सगळीकडे मिळतं आणि वरून पडदा खाली ओढला की समोरच असतं.

पण घरी आजारी माणूस असेल तर फोन पूर्ण बंद ठेवायची छाती होत नाही, आणि इथेच बहुतेकजण हा मोड काढून टाकतात. गरज नाही. अपवादांच्या यादीत दोन-तीनच नंबर घाला: घरचा, शाळेचा, फार तर शेजाऱ्यांचा. शिवाय ‘रिपीट कॉलर्स’ची सोय चालू ठेवा. एकाच नंबरवरून लागोपाठ दुसऱ्यांदा फोन आला, अँड्रॉइडवर १५ मिनिटांत आणि आयफोनवर ३ मिनिटांत, तर तो वाजतो. घरच्यांना सांगून ठेवायचं की खरंच निकड असेल तर लगेच परत लावा.

आणि ‘कुठवर आलास?’ हा आपल्याकडचा सगळ्यात मोठा फोन. आई करते, बायको करते, ज्यांच्याकडे जेवायला निघालोय ते तर तीनदा करतात. त्यावर उपाय गूगल मॅप्समध्येच आहे. रस्ता सुरू केल्यावर खालची पट्टी वर सरकवा, तिथे ट्रिप शेअर करण्याचा पर्याय येतो. तो घरच्यांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवला की तुम्ही कुठे आहात आणि किती वाजता पोचणार हे त्यांना नकाशावर दिसत राहतं. मुक्कामी पोचल्यावर ते आपोआप बंद होतं. आईला ती लिंक उघडायची कशी हे एकदा शांतपणे शिकवून ठेवावं लागतं, पण पुढचे कितीतरी फोन वाचतात.

नकाशा

पत्ता गाडी उभी असतानाच टाकायचा. नुसता टाकून निघायचं नाही. पूर्ण रस्ता एकदा बोटाने पुढे सरकवून बघा: कुठल्या फाट्यावरून वळायचं, पुलावरून जायचं की पुलाखालून, टोल आहे का. पुलावरून की खालून, हा गोंधळ पुण्या-मुंबईत रोजचा आहे. तो ऐनवेळी स्क्रीनवर सोडवायला गेलं की गाडी दोन लेनच्या मधोमध घुटमळते आणि मागचा येऊन ठोकतो.

आवाज चालू ठेवा आणि तो संगीताहून मोठा करा. स्क्रीनकडे नजर गेलीच तर एका वेळी दोन सेकंदांच्या आत परत यायला हवी. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने गाड्यांमधल्या स्क्रीनसाठी हीच मर्यादा सुचवली आहे. ताम्हिणी, आंबोली, कुंभार्ली अशा घाटांच्या वाटेला निघताना त्या भागाचा ऑफलाइन नकाशा आधी उतरवून घ्या. तिथे नेटवर्क जातं, आणि नेमकं तेव्हाच लोक फोन हातात घेऊन हलवायला लागतात.

मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवर भाताण, माडप, कामशेतच्या बोगद्यांत आणि मुंबईच्या कोस्टल रोडच्या बोगद्यात जीपीएस हरवतं. बाण जागच्या जागी थिजतो, कधी शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. हात लावू नका. बाहेर पडल्यावर काही सेकंदांत तो स्वतःहून ताळ्यावर येतो. ‘पुढे अपघात आहे, अजून आहे का?’ असं मॅप विचारतो, त्यालाही उत्तर द्यायची गरज नसते. ती पाटी आपोआप जाते.

वळण चुकलं? चुकू द्या. रिव्हर्स घेणं, दुभाजकापाशी थांबून विचार करणं, तीन लेन कापून आत घुसणं, यातलं काहीही नको. एक्सप्रेसवेवर पुढचा एक्झिट लांब असला तरी पुढेच जायचं.

होल्डर कुठे लावायचा

नजर रस्त्यावरून फार खाली जाऊ नये इतका उंच आणि समोरचा रस्ता झाकला जाणार नाही इतका खाली. बहुतेक गाड्यांत ही जागा स्टिअरिंग आणि मधल्या एसीच्या झडपांच्या दरम्यान सापडते. डॅशबोर्डवर जिथे ‘एअरबॅग’ किंवा ‘एसआरएस’ कोरलेलं असतं त्या झाकणावर किंवा त्याच्या समोर काहीही बसवू नका. एअरबॅग डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते आणि वाटेत असलेला फोन थेट तोंडावर येतो. देवाची मूर्ती, अत्तराची बाटली यांनाही हाच नियम.

व्हॅक्यूमवाला होल्डर उन्हाळ्यात दुपारी हमखास सुटतो. काच तापली की आतली हवा पसरते आणि रबर मऊ पडतं. लावण्याआधी काच स्पिरिटने पुसून पूर्ण कोरडी करा. तेलकट डॅशबोर्ड पॉलिशवर तो कधीच टिकत नाही. एसीच्या झडपेवरचा क्लिप होल्डर त्या मानाने बरा, थंड हवेने फोनही तापत नाही. पण गोल झडपांवर तो फिरतो, आणि जड फोनने पातळ पट्ट्या मोडतात. अशा गाडीत चिकटवायचा होल्डर घ्या आणि चिकटवल्यावर दिवसभर त्यावर फोन ठेवू नका.

फोन तरीही खाली पडलाच, सीटखाली गेला, वाजत राहिला, तर वाजू द्या. वाकून शोधताना स्टिअरिंग खांद्याबरोबर वळतं.

गाडीत लोळणाऱ्या वस्तू

यातली सगळ्यात घातक म्हणजे पाण्याची बाटली. मागच्या सीटखाली पडलेली एक लिटरची बाटली जोरात ब्रेक मारला की पुढे घरंगळत येते आणि ब्रेकच्या पेडलखाली अडकते. मग पेडल दाबलं जात नाही. बाटली दाराच्या कप्प्यातच ठेवा. पायाखालचं मॅट हुकात अडकलंय का, बघा. एका मॅटवर दुसरं टाकू नका.

पावसाळ्यात घाट चढताना समोरची काच आतून धुरकट होते. तेव्हा डीफॉगरचं बटण शोधण्यात चार सेकंद जातात. गाडी उभी असताना डोळे मिटून वायपर, डीफॉगर आणि हॅझर्ड ही तीन बटणं हाताला लागतात का, बघा. ज्या नव्या गाड्यांत एसीसुद्धा टचस्क्रीनवर आहे, त्यांत तापमान निघतानाच ठरवून टाकायचं. अशा गाड्या बनवणाऱ्यांनी बोटाला चाचपता येणारं बटण काढून नेमकं काय साधलं, कोण जाणे.

वडापाव चालवताना खाऊ नये, विशेषतः सुक्या चटणीचा. चटणी मांडीवर सांडते आणि हात झटकायला जातो. मागे मुलं असतील तर खाऊ आणि पाणी त्यांच्या हाताशी ठेवा. भांडण लागलं तर मागे वळून धपाटा घालायचा मोह टाळा, थांबून मिटवा.

दुचाकी

हेल्मेटमध्ये गालाशी फोन कोंबून बोलणारे प्रत्येक चौकात दिसतात. पडल्यावर तो कडक तुकडा गाल आणि फोमच्या मध्ये असतो, म्हणजे नेमका जिथे मऊपणा हवा तिथे. खांदा आणि कानात फोन धरला की मान कलते आणि त्या बाजूचा आरसा दिसत नाही.

डाव्या हातात फोन धरणाऱ्या स्कूटरवाल्यांनी एक ध्यानात घ्यावं. अलीकडच्या स्कूटरमध्ये डावा लिव्हर दाबल्यावर मागचा आणि पुढचा असे दोन्ही ब्रेक लागतात. तो हात फोनला दिला की उजव्या हाताचा पुढचा ब्रेकच उरतो. ओल्या रस्त्यावर किंवा खडीवर नुसता पुढचा दाबला की चाक घसरतं.

फोन डिकीत किंवा बॅगेत टाका. शर्टाच्या खिशात थरथरला की हात जातोच. हँडलवर होल्डर लावायचाच असेल तर कंपन शोषणारा घ्या. मोटरसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्याची स्थिरता बिघडू शकते, असा इशारा अॅपलनेच २०२१ मध्ये दिला होता. पावसात स्क्रीनवर पडलेले थेंब बोटासारखे काम करतात, मॅप मधेच बंद होतो किंवा भलतीकडे सरकतो. त्यापेक्षा आडोशाला थांबून पुढची तीन वळणं पाठ करावीत, मग निघावं.

थांबायचं कुठे

शहरात पेट्रोल पंपाच्या आवारात किंवा गल्लीच्या आत, चौकापासून लांब. एक्सप्रेसवेच्या कडेची पट्टी बिघाड झालेल्या गाड्यांसाठी आहे. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुमची गाडी चालू आहे की उभी, हे फार उशिरा कळतं. खालापूर आणि तळेगावजवळचे फूड मॉल आहेतच, तिथवर फोन थांबवा. घाटात वळणावर किंवा वळणाच्या लगेच पुढे थांबू नका. गाडी न्यूट्रलवर, हँडब्रेक वर, मगच फोन हातात. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघात झाला तर ११२.

शेजारी बसलेल्याला काम द्या: मॅप, फोन, गाणी, फास्टॅगचा बॅलन्स. फोन करणारा तुम्ही असाल तर पहिलं वाक्य ‘गाडी चालवतोयस का?’ आणि ‘हो’ आलं की लगेच ‘मग ठेव, नंतर बोलू’.

कॅबमध्ये चालक फोनवर बोलत असेल किंवा रील बघत असेल तर चालत्या गाडीत वाद घालू नका, वादानेही त्याचं लक्ष उडतं. ‘दादा, फोन घ्यायचा तर बाजूला थांबवून घ्या, मला घाई नाही’ एवढं म्हटलं की बहुतेक जण ऐकतात. त्यांच्या अॅपवर पुढचं भाडं चालता चालताच येतं आणि काही सेकंदांत घ्यावं लागतं, हेही खरं. ऐकलंच नाही तर पुढच्या सिग्नलच्या पलीकडे जिथे कडेला उतरता येईल तिथे ‘इथेच सोडा’ म्हणावं, पैसे द्यावेत आणि दुसरी गाडी बोलवावी.