वस्तीचे आंदोलन कसे उभारावे : इंदूरकरांसाठी कार्यपद्धती

इंदूरच्या घराघरांत आज येणारे नर्मदेचे पाणी या शहराने आंदोलन करून मिळवले आहे. १९७० च्या पावसाळ्यात विद्यार्थी, कामगार, व्यापारी आणि निरनिराळ्या पक्षांचे कार्यकर्ते एकत्र येऊन रस्त्यावर उतरले. अभ्यास मंडळ ही इंदूरची संस्था आणि मुकुंद कुलकर्णी यांच्यासारखे कार्यकर्ते त्यात आघाडीवर होते. शासनाने त्याच वर्षी मागणी मान्य केली आणि नर्मदाकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटरचा प्रवास करून पाणी १९७८ मध्ये शहरात पोहोचले. आपल्या गल्लीसाठी काही मागू इच्छिणाऱ्याने या इतिहासातून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात : ती मागणी एका वाक्यात मावत होती, आणि ती मान्य होणे व नळाला पाणी येणे यांच्यामध्ये आठ वर्षे गेली.

मागणी ठरवणे हे सर्वांत अवघड काम आहे, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आमच्या वसाहतीत पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळू लागले तेव्हा आम्ही दिलेल्या पहिल्या ज्ञापनात (महाराष्ट्रात ज्याला निवेदन म्हणतात, त्याला इंदुरात आपण सगळेच ज्ञापन म्हणतो) अकरा मागण्या होत्या. पाण्याखेरीज त्यांत रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री आणि बागेचे कुंपणही होते. अधिकाऱ्यांनी ते सौजन्याने स्वीकारले आणि पुढे काहीही झाले नाही, कारण अकरांपैकी कोणत्या मागणीबद्दल त्यांना जाब विचारायचा हे आम्हालाच ठाऊक नव्हते. दुसऱ्या ज्ञापनात एकच गोष्ट लिहिली : देवळाच्या कोपऱ्यापासून शाळेपर्यंतची जुनी जलवाहिनी बदलावी आणि ती बदलेपर्यंत रोज सकाळी टँकर पाठवावा. त्यानंतर प्रत्येक भेटीत बोलणे त्याच एका जलवाहिनीवर येऊन थांबू लागले. मागणी लिहून झाली की तिला चार प्रश्न विचारावेत. तिच्यावर सही करण्याचा अधिकार कोणाचा आहे, खर्च कोणत्या विभागातून होणार आहे, मुदत कोणती आहे, आणि काम झाले हे सामान्य माणसाला कशावरून दिसेल? यांपैकी एकाचेही उत्तर देता येत नसेल तर सभा बोलावण्याची घाई करू नये.

पुराव्याचे काम मागणीसोबतच सुरू करावे. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून अर्ज करता येतो आणि सामान्यतः ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मुदतीत उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. मध्य प्रदेशात त्यासाठी वेगळे शुल्क भरावे लागते. अर्जात ‘काम का झाले नाही’ असे विचारू नये, कारण कायद्याने कार्यालयात असलेली कागदपत्रे मिळतात, खुलासे मिळतात असे नाही. त्याऐवजी निविदा, कार्यादेश, मोजमाप पुस्तिका (झालेल्या कामाच्या मापांची नोंदवही), पाणी तपासणीचे अहवाल यांच्या प्रती तारखांसह मागाव्यात. घरोघरी जाऊन कोण कधी आजारी पडले, पाणी कोणत्या दिवशी गढूळ आले, याची वही ठेवावी. ज्ञापन देताना आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय महापालिकेचे झोन कार्यालय सोडू नये. मंगळवारी जिल्हाधिकारी कार्यालयात होणाऱ्या जनसुनवाईत, म्हणजे लोकांच्या तक्रारी ऐकण्याच्या बैठकीत, जावे, १८१ या मुख्यमंत्री हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी, आणि काम झाल्याखेरीज ती तक्रार बंद करण्यास फोनवर संमती देऊ नये. हे सारे रटाळ वाटते, पण उद्या रस्त्यावर उतरल्यावर ‘आधी आमच्याकडे का आला नाहीत’ या प्रश्नाचे उत्तर याच कागदांत असते.

माणसे जोडण्याबाबत एक गोष्ट आपल्या मराठी मंडळींना आवर्जून सांगावीशी वाटते. सभेचे इतिवृत्त लिहिणे, वर्गणीची पावती फाडणे, हिशेब वेळेवर मांडणे या सवयी गणेशोत्सव मंडळांनी आणि आपल्या जुन्या संस्थांनी आपल्याला लावल्या आहेत, आणि आंदोलनात त्यांचा फार उपयोग होतो. परंतु सभा आपल्यातच भरवली आणि पत्रक मराठीतच काढले, तर शेजारचे माळवी, सिंधी, बोहरा आणि जुन्या गिरणी कामगारांचे घर हे आंदोलन आपले मानणार नाही. पत्रक हिंदीत काढावे, बैठक ज्यांच्या घरी पाण्याचा त्रास सर्वांत जास्त आहे त्यांच्या दारात घ्यावी, आणि पाणी भरण्याचे काम बहुधा ज्या बायका करतात त्यांना शिष्टमंडळात बोलण्यासाठी घ्यावे, केवळ गर्दीसाठी नव्हे. पक्षांचे कार्यकर्ते आले तर त्यांचे स्वागत करावे, पण झेंडे बाहेर ठेवण्याची अट पहिल्याच बैठकीत सर्वांसमोर सांगावी.

एवढे करूनही दाद मिळाली नाही, तर धरण्याचा किंवा मोर्चाचा विचार करावा. शांततेने आणि शस्त्रांशिवाय एकत्र जमण्याचा अधिकार संविधानाच्या १९ व्या अनुच्छेदाने दिला आहे, मात्र त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे. जागा, वेळ, मार्ग, अंदाजे संख्या आणि जबाबदार व्यक्तींची नावे देऊन तिथे लेखी अर्ज करावा. परवानगी नाकारली तर नकारही लेखी मागावा, कारण तोंडी नकाराविरुद्ध न्यायालयात जाणे कठीण होते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे पूर्वीच्या १४४ खाली, त्या भागात जमावबंदीचा आदेश लागू आहे का ते आधी पाहावे. सार्वजनिक रस्ता अनिश्चित काळ अडवून धरता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिल्लीतील शाहीन बागेच्या धरण्याच्या प्रकरणात सांगितले आहे, त्यामुळे जागा निवडताना रुग्णवाहिका आणि दुकानदार यांचा विचार करावा. रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपक लावू नये.

कायदा पाळणे म्हणजे माघार घेणे, असे तरुण कार्यकर्त्यांना वाटते. त्यांना इथून जवळच महूत जन्मलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा महाडचा सत्याग्रह तपशिलात सांगावा. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये केला होता आणि महाड नगरपालिकेने तो स्वीकारला होता. २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी पिताना बाबासाहेब कागदावर असलेलाच हक्क बजावत होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये न्यायालयाचा मनाई हुकूम आल्यावर हजारो लोक जमलेले असूनही त्यांनी तळ्यावर जाणे स्थगित केले आणि खटला लढवला. तो खटला १९३७ मध्ये उच्च न्यायालयात अस्पृश्यांच्या बाजूने लागला. रस्ता आणि न्यायालय या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी लढण्याचा इतका स्पष्ट धडा दुसरा नाही, असे मला वाटते.

मोर्चाच्या दिवशी साधारण पंचवीस माणसांमागे एक स्वयंसेवक असावा, त्याच्या दंडावर ओळखता येईल अशी पट्टी असावी, आणि पोलिसांशी बोलण्याचे काम आधी ठरलेल्या दोनच व्यक्तींनी करावे. घोषणा मागणीच्या असाव्यात. अधिकाऱ्याच्या जातीवर, घरावर किंवा कुटुंबावर एकही शब्द जाऊ नये. कोणी दगड उचलला तर सर्वांनी जागीच खाली बसावे, हे आदल्या दिवशी करून पाहावे. अटक झाल्यास कारण विचारण्याचा, वकिलाशी बोलण्याचा आणि २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे हजर केले जाण्याचा हक्क आहे. वकिलाचा फोन क्रमांक प्रत्येकाने कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण मोबाइल हातून जाऊ शकतो.

आश्वासन मिळाले की लोक पांगतात, आणि आंदोलने बहुधा तिथेच संपतात. इंदूरची हुकुमचंद मिल ही कापड गिरणी १९९२ मध्ये बंद पडली; तिच्या सुमारे ४,८०० कामगारांच्या थकबाकीचे २२४ कोटी रुपये मोकळे झाले ते डिसेंबर २०२३ मध्ये. त्या तीन दशकांत कित्येक कामगार वारले आणि त्यांच्या पत्नी व मुलांनी तो लढा चालू ठेवला. म्हणून आश्वासन तारखेसह लेखी घ्यावे, त्या तारखेच्या आधीच पुढच्या बैठकीचा दिवस ठरवावा, आणि सगळे कागद एकाच घरी न ठेवता त्यांच्या तीन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवाव्यात. आमच्या वसाहतीतील जलवाहिनी बदलली गेली, तरी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी चार घरांतून पाण्याचा नमुना घेऊन तपासणीसाठी पाठवला जातो. त्याची नोंद आता दहावीतली एक मुलगी ठेवते; पहिले ज्ञापन दिले तेव्हा ती बालवाडीत होती.